शरदातला डोंगरमुक्काम

सह्याद्रीत मुक्कामी शिबिर न्यावे ते आश्विन-कार्तिकात. हवामान खात्याच्या सरासरी तारखांप्रमाणे नैर्ऋत्य मोसमी वारे १७ सप्टेंबरच्या सुमारास वायव्य राजस्थानातून माघारीला लागतात आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास मुंबईचा परिसर सोडतात. मग आकाश निवळते, लांबलांबच्या डोंगररांगा नजरेच्या टप्प्यात येतात, ओढ्यांना पाणी असते आणि गवत नुकते कुठे पिवळे पडू लागलेले असते. पावसाळी ट्रेकमधले धुके, चिखल आणि फोफावलेले ओढे मागे पडलेले असतात. पहिल्यांदाच डोंगरात येणाऱ्याला आणावे ते याच दिवसांत.

या दिवसांत डोंगर निर्धोक दिसतो, आणि शिबिर नेणाऱ्या लीडरला त्या दिसण्यावर विसंबता येत नाही. पाऊस गेला तरी चार महिन्यांत त्याने जे केले ते डोंगरावर शिल्लक असते. सावलीतल्या कातळावरचे शेवाळ, पाण्याने खालून पोखरलेल्या वाटा, मातीतून सुटलेले दगड, कड्याची कड झाकून टाकणारे कमरेएवढे गवत हे सगळे त्याचेच. झऱ्यांचे पाणी, सोनकीची फुले आणि शेतात पिकलेले भातही त्याचेच. शरदातले शिबिर नीट पार पाडायचे तर पावसाने मागे काय ठेवले आहे ते वाचता यावे लागते. पुढचे सगळे काम त्या वाचनातून निघते.

हे काम समजून घेण्यासाठी हरिश्चंद्रगडाचे उदाहरण सोयीचे आहे. हा गड अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेलगत आहे. तारामती हे त्याचे सर्वोच्च शिखर १,४०० मीटरहून उंच आहे. गडावर जायच्या अनेक वाटा आहेत. जुन्नरच्या बाजूने खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे येणारी वाट लांबलचक आहे, कोकणातल्या बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट अवघड आणि अनुभवी गिर्यारोहकांचीच आहे, तर राजूरच्या बाजूची पाचनईची वाट सर्वांत सोपी आहे. नवखे लोक बरोबर असले की दोन दिवसांच्या शिबिराला पाचनई निवडतात. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत गाव गाठायचे, रात्री गावातच तंबू लावायचे, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गड पाहून संध्याकाळच्या आत खाली उतरायचे, असा साधा आराखडा असतो.

मुक्काम गडाऐवजी गावात करण्यामागे विचार आहे. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. त्याच्या हद्दीत तंबू आणि विस्तव यांबाबत वनखात्याचे नियम लागू असतात आणि निघण्यापूर्वी त्यांची ताजी चौकशी करावी लागते. नियम बाजूला ठेवला तरी गडमाथ्याची सोसण्याची ताकद थोडी आहे. मंदिराभोवतीचे पाणी आणि पठारावरची पातळ माती शेकडो माणसांचा मुक्काम झेलू शकत नाही. गावात राहिले की पाणी, निवारा आणि अडचणीला धावून येणारी माणसे जवळ असतात, शिवाय मुक्कामाचे पैसे गावातल्या घरांत जातात.

निघण्यापूर्वी

शिबिराचे निम्म्याहून अधिक काम शहरात, घरी बसून होते. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आले. त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी नोंदणी करणे, प्रशिक्षित माणसे आणि सुरक्षेची साधने ठेवणे अपेक्षित आहे. कागदोपत्री पूर्तता हा त्याचा एक भाग झाला. माणसांची माहिती मिळवणे अधिक कष्टाचे. दमा, मधुमेह, फिट येणे, हृदयविकार, कशाची ॲलर्जी, चालू औषधे हे सारे अर्जात विचारलेले असतेच, पण लोक अर्जात लिहीत नाहीत ते फोनवर सांगतात. म्हणून जाणता लीडर प्रत्येकाशी बोलतो. शेवटचा जिना कधी चढलात, गुडघा दुखतो का, उंचीवर भोवळ येते का, असे साधे प्रश्न विचारले की माणूस मोकळा होतो. त्या पाच मिनिटांच्या बोलण्यातून दुसऱ्या दिवशी कोणाला कोणाच्या मागे चालवायचे ते ठरते.

त्याआधी रेकी झालेली असावी लागते. गेल्या वर्षीची वाट या वर्षी तशीच असेल असे गृहीत धरता येत नाही. दरड येऊन वाट वळलेली असते, ओढ्याने काठ खाल्लेला असतो, पूर्वी पायरी होती तिथे घसारा झालेला असतो. रेकीला जाणाऱ्याने हे पाहून यायचे, शिवाय कोणत्या झऱ्याला किती पाणी आहे, वाटेत सावली कुठे मिळते, मोबाइलला रेंज कुठून येते हेही टिपून आणायचे. रेकी शक्य नसेल तर गावातल्या वाटाड्याला फोन करावा. पाऊस थांबून किती दिवस झाले आणि गेल्या आठवड्यात वर कोण जाऊन आले, एवढे त्याला विचारले तरी बरेच कळते.

सामानाच्या यादीत शरद आपली छाप उमटवतो. दुपारी ऊन चटके देते आणि पहाटे थंडी वाजते, त्यामुळे टोपी आणि स्वेटर दोन्ही लागतात. मळभ नसले तरी परतीच्या सरीसाठी पावसाळी जाकीट सॅकमध्ये असावेच. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायभर पँट, चांगली पकड असलेले बूट आणि प्रत्येकाची स्वतःची बॅटरी, यांत सवलत द्यायची नसते. मोबाइलचा उजेड बॅटरीच्या ऐवजी चालत नाही, कारण उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात आणि फोनची चार्जिंग अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावी लागते.

गावातली संध्याकाळ

पाचनईसारख्या गावांत ऑक्टोबर हा कामाचा महिना. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या या वस्त्यांमध्ये भात हे मुख्य पीक, जोडीला नागली, वरई आणि खुरासणी. उतारावरची खुरासणी पिवळ्या फुलांनी भरलेली असते आणि खाचरांत भातकापणीची घाई चाललेली असते. शहरातून येणाऱ्याला हे दृश्य देखणे वाटते. लीडरने मात्र त्याकडे गावाच्या वेळापत्रकासारखे पाहायचे असते. कापणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसे उजाडताच शेतावर जातात. जेवण हवे असेल तर किती जणांचे, केव्हा, हे आठवडाभर आधी कळवावे लागते. वाटाड्याही आधीच ठरवावा लागतो, कारण त्या दिवसाची त्याची मजुरी आणि त्याच्या शेतातले काम दोन्ही आपण अडवत असतो. आयत्या वेळी जेवणारे वाढले तर त्याचा भार चुलीशी बसलेल्या मावशीवर येतो. गावाशी असलेले नाते याच बारीकसारीक गोष्टींनी टिकते किंवा तुटते.

तंबूची जागा ठरवतानाही पावसाने आणि पिकाने काय मागे ठेवले आहे ते पाहावे लागते. खळे सारवून झोडणीसाठी तयार केलेले असेल तर त्यावर पाय ठेवायचा नसतो. कापून झालेल्या खाचरात धसकटे असतात, ती तंबूचा तळ फाडतात. खाचराचा बांध उंच आणि कोरडा म्हणून मोहात पाडतो, पण पिकलेल्या भाताला उंदीर येतात, बांधात बिळे करतात आणि उंदरांमागे साप येतात. ओढ्याकाठची सखल जागाही टाळावी. तिथे रात्री थंड हवा साचते आणि डोंगरावर सर आली तर पाणी चढते. सुकलेल्या फांदीखाली झोपू नये. हे सगळे वजा केले की उरते ती घराजवळची, किंचित उताराची, आखूड गवताची जागा, आणि ती कोणती हे गावकऱ्याला विचारले की तो लगेच दाखवतो.

तंबू लावणे सहभागींनी स्वतः शिकायचे असते. हातात खुंट्या आणि दोऱ्या आल्या की अनोळखी माणसे एकमेकांशी बोलू लागतात. लीडरने इथे हात मागे ठेवून पाहावे. कोण दुसऱ्याला मदत करतो, कोण लवकर चिडतो, कोण गप्प बाजूला उभा आहे, हे या तासाभरात उघड होते आणि उद्याच्या चढाईला ते कामी येते.

स्त्रियांची सोय हा असाच एक विषय आहे. शौचाला कुठे जायचे हा प्रश्न बहुतेक स्त्रियांच्या मनात असतो आणि फार थोड्या तो मोठ्याने विचारतात. त्यांनी विचारण्याची वाट न पाहता, पोचल्याबरोबर जागा, उजेड आणि पाणी कुठे आहे हे सर्वांना सांगितले पाहिजे. नाही तर शौचाला जावे लागू नये म्हणून त्या पाणी पिणेच कमी करतात, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचे परिणाम दिसतात. गावातल्या एखाद्या घराशी आधी बोलून ठेवले तर ही अडचण उरत नाही.

रात्र

ऑक्टोबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये सव्वासातपर्यंत मिळणारा उजेड आता तासाभराहून अधिक आटलेला असतो, आणि शहरातली माणसे हे लक्षात न घेताच आलेली असतात. अंधार पडण्यापूर्वी पाणी भरलेले, अंथरुणे घातलेली आणि बॅटऱ्या हाताशी असल्या पाहिजेत. जेवायला पिठले-भाकरी, ठेचा, नव्या तांदळाचा भात आणि आमटी असते. जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवसाची सगळी माहिती सर्वांना एकत्र बसवून द्यायची. निघण्याची वेळ, चालण्याचा क्रम, पाण्याच्या जागा यांबरोबर एक गोष्ट स्पष्ट सांगायची असते, ती म्हणजे परत फिरण्याची वेळ. दुपारी एक वाजता असू तिथून मागे वळायचे, असे ठरले तर ते रात्रीच ठरावे. डोंगरावर, समोर शिखर दिसत असताना, हा निर्णय कोणालाच नको असतो. रात्री शांत डोक्याने सर्वांनी मान्य केलेली वेळ दुसऱ्या दिवशी लीडरच्या पाठीशी उभी राहते.

शरदाच्या रात्रीचे आकाश हे या शिबिराचे मोठे देणे आहे. आश्विन पौर्णिमेला, कोजागरीला, अनेक गट मुद्दाम डोंगरात येतात आणि मसाला दूध आटवतात. चांदणे नसेल तर तारे पाहता येतात. अंधार पडला की आकाशगंगेचा पट्टा नैर्ऋत्येला कललेला दिसतो, पूर्वेकडून कृत्तिका वर येतात आणि रात्र चढली की मृग उगवतो. काळोख पुरेसा असेल तर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखी दिसते. शहरात वाढलेल्या अनेकांना आकाश इतके भरलेले पाहायला पहिल्यांदाच मिळते. अशा वेळी लाउडस्पीकर लावू देऊ नये. गावाला पहाटे शेतावर जायचे असते आणि जंगलातही बिबट्यापासून घुबडापर्यंत अनेकांची ती कामाची वेळ असते.

निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडते, म्हणून दव भरपूर पडते. तंबूच्या आतही श्वासातली वाफ थंड कापडावर धरते आणि पहाटे थेंब टपकू लागतात. थंडी वाजते म्हणून तंबू घट्ट बंद केला की हे वाढते. वरच्या झरोक्याची फट उघडी ठेवावी, बाहेरचे आवरण ताणून आतल्या कापडापासून दूर ठेवावे आणि स्लीपिंग बॅग कडेला टेकू देऊ नये. मच्छरजाळीची चेन मात्र पूर्ण लावलेली असावी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश झाला तर कधीकधी तो जाणवतही नाही. बूट तंबूत घ्यावेत आणि सकाळी झटकून घालावेत, कारण विंचू त्यांत शिरतात. तंबूत शेगडी, स्टोव्ह किंवा कोळसा कधीही पेटवू नये. बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत त्याची चाहूल लागत नाही.

सगळे झोपल्यावर लीडरची एक फेरी होते. दोऱ्या, चेन, बाहेर राहिलेले बूट, कोणाच्या खोकल्याचा आवाज, हे सगळे तो पाहतो आणि ऐकतो. ही फेरी कोणाला दिसत नाही, पण या कामाची गोडी लागलेल्यांना ती सर्वांत जवळची वाटते. आपल्या भरवशावर आलेली माणसे शांत झोपली आहेत, याचे समाधान वेगळे असते.

चढण

पहाटे चहा-पोहे करून उजाडता उजाडता निघावे. सर्वांत पुढे वाटाडा आणि लीडर, सर्वांत मागे एक अनुभवी साथीदार, आणि दर आठ-दहा जणांमागे एक जाणता माणूस, अशी रांग असते. मागच्या माणसाच्या मागे कोणीही राहायचे नाही, हा नियम. सर्वांत हळू चालणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे ठेवावे, म्हणजे गटाचा वेग आपोआप त्याच्या वेगाला येतो. त्याला शेवटी ठेवले तर तो धापा टाकत पोचतो तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून उठलेले असतात, आणि ज्याला विसाव्याची सर्वाधिक गरज त्यालाच तो मिळत नाही.

पाचनईची वाट झाडीतून वर चढते आणि मग एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटाखालून आडवी जाते. पावसाळ्यात या भिंतीवरून पाण्याचे पडदे कोसळतात. शरदात ते थांबतात, पण भिंतीतून पाझर चालूच असतो. वरचा थर वाळलेला आणि खालचा ओला, अशा शेवाळावर बूट सर्वाधिक घसरतो. सावलीतला काळसर कातळ दिसला की पाऊल सपाट टाकावे आणि वजन हळूहळू द्यावे, हे प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. पुढे वाट ओढा ओलांडत पठारावर येते. ओढ्यात पाणी घोट्याएवढेच असले तरी ओलांडण्यापूर्वी वरच्या बाजूचे आकाश पाहण्याची सवय असावी.

या डोंगरांतले पाणी कसे टिकते हे चालताना सांगण्यासारखे आहे. सह्याद्री हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. काही थर भेगाळ आणि सच्छिद्र आहेत, काही घट्ट. पावसाचे पाणी सच्छिद्र थरात मुरते, घट्ट थरावर अडते आणि डोंगराच्या उघड्या बाजूने झरा होऊन बाहेर येते. गडांवर टाकी खोदणाऱ्यांना हे नेमके माहीत होते. शरदात झरे भरात असतात, तरी पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकूनच प्यावे, कारण वर गुरे चरत असतात.

वाटेच्या दोन्ही बाजूंना सोनकीचे पिवळे ताटवे असतात. एखाद्या वर्षी उतारांवर कारवीची वाळलेली खोडे दाट उभी दिसतात. कारवी सात वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते आणि बी धरून मरते. तिच्या सुकलेल्या खोडाला धरून चढू नये, ते हातात येते. गवत वाढलेले असते तिथे पायाखालची पायवाटही दिसत नाही, म्हणून काठीने गवत बाजूला सारत पुढे जावे. काठीच्या हादऱ्याने सापही वाटेतून निघून जातो. सुटे दगड असलेल्या उतारावर माणसांत अंतर ठेवावे, आणि दगड निसटलाच तर ज्याच्या पायाखालून निसटला त्याने जोरात ओरडून खालच्यांना सावध करावे.

चढताना लीडरचे खरे लक्ष वाटेपेक्षा माणसांकडे असते. थकलेला माणूस थकलो असे सहसा म्हणत नाही. तो बोलायचा थांबतो, पाण्याची बाटली काढत नाही, फोटोसाठी उभा राहत नाही, बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधायला वाकतो. ही खूण दिसली की त्याला एकट्याला काही न विचारता सगळ्यांनाच थांबवावे. गूळ-शेंगदाणे, खजूर, काकडी फिरवावी. कोणाचाही मान न दुखावता गट सावरतो. एखाद्याला पुढे नेणे धोक्याचे असेल तर ते सरळ आणि प्रेमाने सांगावे आणि त्याच्यासोबत एक जाणता साथीदार खाली पाठवावा. नाही म्हणण्याचे हे काम सर्वांत जड जाते. माणूस महिनाभर वाट पाहून आलेला असतो. तरीही ज्याला हे जमत नाही त्याने माणसांना डोंगरात नेऊ नये.

माथा आणि कोकणकडा

पठारावरून पुढे गेले की दगडी हरिश्चंद्रेश्वर मंदिर, शेजारची पुष्करणी आणि खालच्या बाजूला केदारेश्वराची गुहा लागते. गुहेत गार पाण्याच्या मधोमध मोठे शिवलिंग आहे आणि त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच अखंड उभा आहे. चांगदेवांचे नाव या स्थळाशी जोडलेले आहे. लीडरने इथे घाई करू नये. कोरीव काम निवांत पाहायला वेळ द्यावा, पाण्यात साबण किंवा उष्टे जाऊ देऊ नये, आणि हे आजही पूजेचे ठिकाण आहे याची आठवण द्यावी.

कोकणकडा हे गडाचे सर्वांत भव्य रूप. पश्चिमेकडे तोंड केलेला, आत वळलेला हा अर्धगोल कडा थेट कोकणात उतरतो. खालून चढणारा वारा इतका जोरदार असतो की कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू कधीकधी वर परत येते. दरीत ढग भरलेले आणि पाठीमागे सूर्य असला तर ढगावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसते. यालाच इंद्रवज्र म्हणतात. कडा पश्चिमाभिमुख असल्याने यासाठी सूर्य पूर्वेला, म्हणजे वेळ सकाळची हवी. कर्नल विल्यम साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकात या गडावरच्या अशा दर्शनाची नोंद केली आहे. पावसाळा सरताना, एखादी सर पडून गेलेल्या सकाळी, ही संधी अधिक असते. ते दिसेलच असे आश्वासन कोणालाही देऊ नये.

कड्यावर लीडरचे काम सर्वांत कडक असते. गवत कड उल्लंघून पुढे वाढलेले असते, त्यामुळे जमीन कुठे संपते ते कळत नाही, आणि त्याखालची माती पावसाने पोखरलेली असू शकते. वाळू लागलेले गवत उतारावर ओल्या गवताइतकेच निसरडे असते. म्हणून कडेपासून बऱ्याच अंतरावर एक रेषा ठरवून सॅक ओळीने मांडतात. त्यापुढे उभे राहायचे नाही. पाहायचे असेल तर उघड्या कातळावर, एका वेळी एकाने, पालथे झोपून, आणि पाय धरायला साथीदार ठेवून पाहायचे. पाठमोरे फोटो आणि सेल्फी यांना पूर्ण मनाई. या कडकपणाने कोणाचा आनंद कमी होत नाही. पोटावर झोपून खाली पाहिलेला कोकणकडा उभ्याने पाहिलेल्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहतो.

अडचणी

ऑक्टोबरची दुपार पठारावर तापते. काळा कातळ, सावली नाही, वारा पडलेला, अशात घाम न जाणवता पाणी कमी होते. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी असावे. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे ही सुरुवातीची लक्षणे. सावलीत बसवून एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे.

परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर, गडगडाटासह येतो. वीज चमकणे आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर धोका जवळ आला असे समजावे. शिखर, कडा, एकटे झाड आणि लोखंडी कठडे सोडून सखल भागात यावे, माणसांत अंतर ठेवावे, गुहेच्या तोंडाशी गर्दी करू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे.

आग्या मोहळे पावसाळ्यानंतर कड्यांवर दिसू लागतात. धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तरे टाळावीत. माश्या उठल्या तर हात झटकत बसू नये. चेहरा झाकून तिथून लांब जावे.

सर्पदंश झाला तर जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळणे यांतले काहीही करू नये. दंश झालेला अवयव हलू न देता, धीर देत, माणसाला उचलून लवकरात लवकर रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालणारे प्रतिविष सरकारी रुग्णालयांत मिळते. जवळच्या कोणत्या रुग्णालयात ते आहे ही चौकशी निघण्यापूर्वीच झालेली असावी. गंभीर अपघातात ११२ आणि १०८ या क्रमांकांबरोबर महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर मदतीला येते. निरनिराळ्या गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक त्याद्वारे एकत्र काम करतात. मात्र ही माणसे पोचायला वेळ लागतो. तोवर सर्वांत आधी धावून येतात ते पायथ्याच्या गावातले लोक, आणि म्हणून गावाशी जपलेले नाते हीसुद्धा सुरक्षेचीच तयारी आहे.

उतरण आणि त्यानंतर

उतरताना गुडघे थकलेले आणि मन घरी पोचलेले असते, त्यामुळे घसरणे याच वेळी जास्त होते. बोलणे कमी करून पावलाकडे पाहायला सांगावे, छोटी पावले टाकावीत, वळणावळणावर माणसे मोजावीत. ठरलेल्या वेळी माथा सोडला असेल तर सावल्या लांबण्याआधी गाव लागते.

गावात पोचल्यावर पहिले काम पैशांचे. वाटाड्याची मजुरी आणि जेवणाचे पैसे ठरल्याप्रमाणे, लगेच आणि हातात द्यावेत. मग तंबूची जागा पुन्हा पाहावी. खुंटी, दोरी, गोळीचे रिकामे पाकीट काहीही शेतात राहू नये, कारण तिथे गुरे चरणार असतात. प्लास्टिक आणि सॅनिटरी पॅड शहरात परत न्यावेत. गावाकडे त्यांची विल्हेवाट लावायची सोय नसते.

घरी आल्यावर दवाने भिजलेले तंबू त्याच दिवशी उघडून वाळवावे लागतात. घडी तशीच राहिली तर बुरशी धरते आणि जलरोधक लेप सुटतो. पुढचे तीन आठवडे सहभागींच्या संपर्कात राहणेही कामाचाच भाग आहे. पावसाळ्यानंतरच्या गवतात राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होऊ शकतो. ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर आपण डोंगरात, गवतात फिरून आलो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेवर निदान झाले तर साध्या प्रतिजैविकाने तो बरा होतो.

शेवटचे काम नोंदीचे. वाट कुठे खचली, कोणता झरा कोणत्या तारखेला किती वाहत होता, कोणत्या कातळावर शेवाळ होते, कापणी कुठवर आली होती, कोण कुठे थकले, परत फिरण्याची वेळ पाळली का, हे दोन पानांत लिहून संस्थेच्या वहीत ठेवावे. सहभागींचे अभिप्रायही त्यात जोडावेत. पुढच्या आश्विनात दुसरा कोणी लीडर तीच वाट धरण्यापूर्वी ही पाने वाचतो, नव्या पावसाने त्यात काय बदलले असेल याचा अंदाज बांधतो आणि रेकीला निघतो.